चाळीस मीटरची पहिली तार

तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर चाळीस मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींचा, अँटेना मावतो का? मावतो, अगदी काठोकाठ. कसा, ते पुढे मोजूनच बघू. त्याआधी एक सांगायला हवे: हौशी रेडिओत, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून एकमेकांशी बोलण्याच्या हॅम रेडिओत, महागडा सेट घेणे हे सगळ्यात शेवटचे काम आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नव्याने शिकणाऱ्याने आधी हाताला चार कामांची सवय लावावी. सोल्डर करणे, केबलला कनेक्टर बसवणे, तार मापात आणणे आणि मीटर वाचणे. सेट बिघडला तर दुरुस्तीला देता येतो. गच्चीवरचा जोड मात्र भर पावसात आपल्यालाच उघडावा लागतो.

परवान्याचे थोडक्यात. तो केंद्र सरकार देते, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेमार्फत. त्यामुळे घर बेळगावात असो की पलीकडे चंदगडात, नियम एकच. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन प्रकार आहेत. पहिल्याचे कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचे ओळखनाव, व्हीयू३ ने सुरू होते, दुसऱ्याचे व्हीयू२ ने. परवाना हातात येईपर्यंत प्रक्षेपण करायचे नाही आणि ट्रान्समीटरही घरात आणायचा नाही. तोवर पुढची बहुतेक सगळी हातकामे शिकून होतात, म्हणून वाट बघण्याचे दिवस वाया जात नाहीत.

सात मेगाहर्ट्झच का

दुकानात पहिल्यांदा हातात पडतो तो व्हीएचएफचा (अति उच्च फ्रिक्वेन्सीचा) छोटा हँडसेट, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. दोन्हीकडचे अँटेने जमिनीपासून १० मीटरवर असतील तर सपाट मुलखात त्या सुमारे २६ किलोमीटर पोचतात. बेळगाव ते खानापूर हा रस्ता साधारण तेवढाच. येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढून बोलले तर पल्ला वाढतो, कारण उंची वाढते. पण खानापूरच्या पुढे जांबोटी, कणकुंबीकडे डोंगर आणि जंगल सुरू झाले की हाच सेट मुका होतो. दरीत बसलेल्या माणसापर्यंत सरळ रेषा पोचतच नाही.

७ मेगाहर्ट्झची लहर वेगळ्या वाटेने जाते. अँटेना फार उंच नसेल तर तिची बरीच ताकद सरळ वर जाते, अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थराला, लागते आणि वरून पाऊस पडावा तशी खाली येते. वरून येणाऱ्याला डोंगर आडवा येत नाही. दिवसा या बँडवर बेळगावातून खानापूरची दरी, गोवा, कोल्हापूर, हुबळी, पुणे, बेंगळूर असा सगळा टापू टप्प्यात असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-घटप्रभेला महापूर आला तेव्हा कितीतरी रस्ते आणि पूल बंद पडले होते. तशा दिवसांत मोबाइलच्या टॉवरवर न विसंबता बॅटरीवर चालणारी ही तार फार मोलाची.

भारतात या बँडची मर्यादा ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ. ३०० ला ७ ने भागले की तरंगलांबी सुमारे ४३ मीटर येते, म्हणून ढोबळ नाव चाळीस मीटर.

रात्री इथे नवख्याची हटकून फसगत होते. सूर्य मावळला की आयनोस्फिअर विरळ होतो. सरळ वर गेलेली ७ मेगाहर्ट्झची लहर परतायचे सोडून अवकाशात निघून जाते आणि फक्त तिरकी गेलेलीच परत येते, तीही दूर कुठेतरी. सकाळी खणखणीत ऐकू येणारे कोल्हापूर रात्री गायब होते आणि परदेशी स्टेशने कानावर येऊ लागतात. अँटेना बिघडला असे समजून पुष्कळ जण दुसऱ्या दिवशी तार खाली उतरवतात. उतरवू नका. जवळच्यांशी रात्री बोलायचे तर ३.५ मेगाहर्ट्झवर जावे लागते आणि त्याला दुप्पट लांब तार लागते.

आधी कथील वितळवायला शिका

पीसीबीच्या, म्हणजे भाग बसवायच्या छापील सर्किटपट्टीच्या, कामाला २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न पुरते. कनेक्टरच्या जाड पितळी अंगाला ६० वॅट किंवा जास्तीचे लागते. सोल्डर वायर ६०/४० ची, १ मिलिमीटर जाडीची, आत रोझिन फ्लक्स (सोल्डर धातूला धरायला मदत करणारी राळ) असलेली घ्यावी. पत्र्याच्या भांड्याला डाग देताना वापरतात ते ॲसिड इथे चालत नाही. ते जोडात राहते आणि दोन-चार महिन्यांत तांबे हिरवे करून खाते.

सगळी मेख एका गोष्टीत आहे: आयर्नने सोल्डर वितळवायचे नाही, आयर्नने धातू तापवायचा आणि तापलेल्या धातूने सोल्डर वितळवायचे. टोक ओल्या स्पंजवर पुसा, त्यावर थोडे कथील घेऊन ते चकचकीत करा. मग ते पीसीबीवरचे तांब्याचे पॅड आणि बसवायच्या भागाचा पाय या दोन्हींना एकदम टेकवा. एक सेकंद थांबा आणि सोल्डर वायर समोरच्या बाजूने जोडाला लावा. सोल्डर आपोआप पसरते. आधी वायर काढा, मग आयर्न. सगळे मिळून दोन-तीन सेकंद. त्यानंतर जोड गोठेपर्यंत हलवू नका.

चांगला जोड पायाकडे निमुळता चढत गेलेला आणि चमकदार दिसतो. गोळ्यासारखा फुगलेला दिसला तर सोल्डर धातूला धरलेलेच नाही, नुसते वर बसले आहे. राखी आणि दाणेदार दिसला तर गोठताना हलला आहे. याला कोल्ड सोल्डर म्हणतात. हा जोड मीटरवर ठीक दाखवतो आणि उन्हात तापला की सुटतो, म्हणून रेडिओतले सगळ्यात छळवादी दोष याच्या पोटी जन्मतात. पॅड उचकटले तर समजावे, आयर्न फार वेळ दाबून धरले गेले. झिरो पीसीबीचा (नुसती भोके असलेल्या सुट्या पट्टीचा) तुकडा आणि मूठभर स्वस्त रेझिस्टर घेऊन शंभरेक जोड करा, मगच खऱ्या कामाला हात घाला. सोल्डरमध्ये शिसे असते. काम झाल्यावर हात धुवूनच चहाचा कप उचला.

केबल आणि पीएल कनेक्टर

सेटपासून अँटेन्यापर्यंतची केबल ५० ओहमची हवी. हिच्या मध्ये तार असते, भोवती प्लास्टिक आणि त्यावर धातूची जाळी. आरजी-५८ सहज मिळते आणि ७ मेगाहर्ट्झला २० मीटर लांबीत तिच्यात एक डेसिबलही (ताकदीतली घट मोजायचे एकक) वाया जात नाही. तीच २० मीटर केबल १४५ मेगाहर्ट्झला वापरली तर सुमारे ४ डेसिबल जातात. म्हणजे सेटमधून १० वॅट निघाले तर अँटेन्याला जेमतेम ४ पोचतात. व्हीएचएफसाठी म्हणून जाड आरजी-२१३ घेतात. डिश टीव्हीची उरलेली केबल बहुतेक घरांत पडलेली असते आणि तीच लावायचा मोह होतो. ती ७५ ओहमची असते हा त्यातला छोटा अडथळा. मोठा अडथळा असा की तिची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि ॲल्युमिनियमला साधे सोल्डर धरत नाही.

केबल सेटला जोडणारा पीएल-२५९ कनेक्टर बसवताना पहिले काम म्हणजे त्याची बाहेरची फिरती रिंग केबलमध्ये आधी ओवून ठेवणे. ही विसरली की सगळा जोड सोडून पुन्हा करावा लागतो, आणि ती विसरली जातेच. आरजी-५८ बारीक असल्याने आत रिड्यूसर, म्हणजे मोकळी जागा भरणारे छोटे नळकांडे, लागतो, तोही तेव्हाच ओवा. मग केबलचे बाहेरचे आवरण १९ मिलिमीटर सोला. जाळीला काप जाऊ देऊ नका. जाळी विंचरून रिड्यूसरवर उलटी पसरा आणि १० मिलिमीटर ठेवून बाकीची छाटा. मधली तार १६ मिलिमीटर उघडी करून तिच्यावर कथिलाचा पातळ थर चढवा. कनेक्टरचे अंग वरून फिरवून बसवा. मग अंगाच्या भोकांतून जाळी आणि टोकातून मधली तार सोल्डर करा.

इथे २५ वॅटचे आयर्न हमखास फसवते. पितळ उष्णता ओढून घेते, सोल्डर वितळत नाही, म्हणून माणूस मिनिटभर दाबून धरतो. तेवढ्यात आतले प्लास्टिक मऊ होते, मधली तार सरकून जाळीला टेकते आणि शॉर्ट होतो. जास्त वॅटचे आयर्न लवकर तापवते आणि लवकर बाजूला होते, म्हणून उलट तेच सुरक्षित.

जोड थंड झाल्यावर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वाट सलग असेल तर वाजतो त्या खुणेवर) ठेवा. मधली टोके एकमेकांशी वाजली पाहिजेत, अंगे एकमेकांशी वाजली पाहिजेत, आणि मधले टोक अंगाशी अजिबात वाजता कामा नये. हे तपासताना केबल कनेक्टरपाशी हलवत राहा. हलवताना बीप तुटली तर आत्ताच उघडा. पुढे गच्चीवर उघडण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

तार कापणे

डायपोल म्हणजे मध्ये केबल आणि दोन बाजूंना दोन सारख्या तारा. मीटरमध्ये एकूण लांबी काढायला १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचे. ७.१ साठी २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे १०.०५. हे उघड्या तारेचे गणित झाले. आपण वापरणार घराच्या वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. तिच्या पीव्हीसीमुळे लहर थोडी मंदावते, टोके खाली झुकल्यानेही फरक पडतो, आणि शेवटी लांबी गणितापेक्षा कमीच लागते. तरीही कापताना प्रत्येक बाजू १०.४० मीटर ठेवा. जास्तीची तार कमी करता येते, कमी पडलेल्या तारेला गाठ मारावी लागते.

मध्यभागाला जाड ॲक्रिलिकचा किंवा पीव्हीसीचा तुकडा घ्या. तारेचा ताण त्या तुकड्यावर आला पाहिजे, सोल्डरच्या जोडावर नाही. टोकांना विजेच्या पीव्हीसी पाइपचे बोटभर तुकडे इन्सुलेटर म्हणून चालतात. पुढे नायलॉनची दोरी. सुतळी एका पावसाळ्यात कुजते.

केबल मध्यापाशी जोडली की लगेच खाली तिचे ६ वेढे घाला. त्यासाठी साडेचार मीटर केबल लागते आणि वेढ्याचा व्यास सुमारे २४ सेंटिमीटर येतो. वेढे शेजारी शेजारी बसवून केबल टायने बांधा, गुंतवळ करू नका. याला चोक म्हणतात. तो नसेल तर केबलच्या जाळीची बाहेरची बाजू अँटेन्याचा तिसरा पाय होऊन बसते आणि रेडिओची ताकद खोलीत परत येते. मग बोलताना माइकची धातूची जाळी ओठांना चटका देते, कॉम्प्युटर अडकतो आणि केबलला हात लावला की मीटरचा आकडा बदलतो.

आता प्लॉट. ३० बाय ४० फुटांचा कर्ण बरोबर ५० फूट, म्हणजे १५.२४ मीटर. तळमजल्याचा स्लॅब ३ मीटरवर धरला आणि त्यावर ६ मीटरचा वेळू उभा केला तर शेंडा ९ मीटरवर जातो. तारा तिथून कर्णाच्या दोन कोपऱ्यांकडे उतरवायच्या, कोपऱ्यात ३ मीटरचे पाइप. मापात आल्यावर प्रत्येक बाजू ९.८० मीटर झाली असे धरू. ६ मीटर उतरताना ती आडवी ७.७५ मीटर जाते, दोन्ही मिळून साडेपंधरा. कर्णापेक्षा पाव मीटर जास्त, आणि दोरीलाही जागा हवी. म्हणून प्रत्येक टोकाची शेवटची अर्धा मीटर तार इन्सुलेटरपासून सरळ खाली लोंबू द्या. टोकाशी प्रवाह जवळजवळ शून्य असल्याने फारसे काही बिघडत नाही. मात्र व्होल्टेज तिथेच सर्वाधिक असते, प्रक्षेपणाच्या वेळी शेकडो व्होल्ट. लोंबते टोक कोणाच्या हाताला येणार नाही असे बघा.

या आकाराला इन्व्हर्टेड व्ही म्हणतात. मधला कोन सुमारे १०५ अंश येतो. मोकळ्या जागेत सरळ ताणलेल्या डायपोलचा विरोध ७३ ओहमच्या आसपास असतो. पाय खाली झुकवले की तो उतरून ५० च्या जवळ येतो. एकाच वेळूवर भागते हा फायदा आहेच, शिवाय केबलशी जुळणीही चांगली होते.

वेळू किंवा तार कशीही कोसळली तरी रस्त्यावरच्या विजेच्या तारेला शिवणार नाही, इतके अंतर ठेवा. तेवढी जागा नसेल तर तिथे अँटेना उभारूच नका. यात तडजोड नाही.

मीटर काय सांगतो

घटप्रभेच्या पाटात पाणी सोडले आणि पुढचे दार नीट उघडे नसेल तर लाट दाराला आपटून उलटी फिरते. केबलमधली लहरही अँटेना जुळलेला नसेल तर अशीच परत येते. किती परत येते त्याचे माप म्हणजे एसडब्ल्यूआर. १ म्हणजे काहीच परत नाही. १.५ ला ४ टक्के ताकद परतते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. २ च्या आत असेल तर बहुतेक सेट सुखाने चालतात. १.५ चे १.१ करण्यासाठी दिवसभर गच्चीवर चढउतार करण्यात हशील नाही.

मोजायला नॅनोव्हीएनए हे खिशात मावणारे यंत्र उत्तम. आधी ओपन, शॉर्ट आणि लोड हे तीन तुकडे लावून कॅलिब्रेट करा. हे टाळले तर पुढचे सगळे आकडे खोटे. मग ६.५ ते ७.५ मेगाहर्ट्झ स्वीप करा, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा, आणि आलेख कुठे सर्वात खाली जातो ते बघा. समजा तो ६.७० वर आला. आपल्याला ७.१० हवे. नवी लांबी म्हणजे १०.४० गुणिले ६.७० भागिले ७.१०, येते ९.८१ मीटर. प्रत्येक बाजूने ५९ सेंटिमीटर कमी करायची. पण एकदम नाही, आधी ४० करा आणि पुन्हा मोजा. तार कापूही नका, टोक मागे दुमडून तिच्याच अंगाला घट्ट पिळा. दुमडलेला भाग जवळजवळ नसल्यासारखा वागतो आणि चूक झाली तर उलगडता येतो. दोन्ही बाजू सारख्याच कमी करा.

तळ हवा त्यापेक्षा खालच्या फ्रिक्वेन्सीला असेल तर तार लांब आहे, वर असेल तर आखूड. तळ कुठेच नसेल तर मध्ये कुठेतरी तुटले आहे किंवा शॉर्ट आहे, आणि लांबीशी खेळून उपयोग नाही.

चांगल्या आकड्याने होणारी फसवणूक याहून वाईट. पावसाळा लागला, जोडातून पाणी केबलमध्ये शिरले, आणि एसडब्ल्यूआर सुधारला! जाळी वातीसारखी पाणी ओढून घेते. भिजलेली केबल ताकद वाटेतच खाते, परत येणारी लहरही खाते, मग मीटरला परत आलेले काही दिसतच नाही. म्हणून केबलची वेगळी परीक्षा घ्यावी. अँटेन्याकडचे टोक मोकळे सोडून खालून मोजा. निरोगी केबल खूप मोठा आकडा दाखवते. मोकळ्या टोकाला एसडब्ल्यूआर ३ दिसला तर जातानाच ३ डेसिबल गेले, म्हणजे अर्धी ताकद केबलमध्ये संपली. ती केबल बदला. उभारणीच्या पहिल्याच दिवशी हे दोन्ही आलेख वहीत काढून तारीख टाकून ठेवले तर पुढच्या आषाढात ताडून बघता येतात.

पाणी आत जाऊच नये म्हणून जोडावर आधी सेल्फ-ॲमलगमेटिंग रबर टेप दुप्पट ताणून गुंडाळा, वरून पीव्हीसी टेप. गुंडाळी खालून वर करत आणा, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक येतात आणि पाणी बाहेरून ओघळते. नुसती पीव्हीसी टेप उन्हाने सुटते. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोका द्या, थेंब तिथून गळतील.

खरखर आणि बॅटरी

तार नीट बसली तरी सुरुवातीला बहुतेकांना खरखरच ऐकू येते. ती बाहेरूनच येते असे समजू नका. वीज गेली की सेट बॅटरीवर लावून ऐका. खरखर थांबली तर उगम विजेवर चालणाऱ्या एखाद्या वस्तूत आहे. वीज आल्यावर घरातल्या एमसीबी एकेक करून पाडत जा. बहुतेकदा स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर किंवा सोलरचा इन्व्हर्टर सापडतो. त्याची वायर फेराइट कड्यातून पाच-सात वेळा फिरवली की बरीच शांतता येते. चार्जर मात्र बदललेला बरा.

सेटला १३.८ व्होल्ट लागतात आणि १०० वॅटचा सेट बोलताना सुमारे २० अँपिअर ओढतो. बॅटरीपासून ३ मीटरवर १ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर जाऊन-येऊन ६ मीटर वायरीत २ व्होल्टच्या वर पडतात. सेट बोलताना बंद पडतो किंवा आवाज फाटतो आणि दोष मात्र सेटला लागतो. निदान ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्या. फ्यूज बॅटरीच्या टोकापाशीच बसवा, कारण वायर मध्ये कुठेही घासून शॉर्ट झाली तरी आग तिथपासूनच अडवायची असते.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पश्चिमेकडे ढग चढू लागले की केबल सेटपासून सोडवून घराबाहेर टाका. वळीव कडाडायला लागल्यावर कनेक्टरला हात लावू नका. शेजारी नुसती वीज चमकली तरी तारेत येणारा झटका रिसीव्हरचा पहिला टप्पा जाळायला पुरतो, आणि थेट पडली तर कुठलाही फ्यूज कामाचा नाही. खिडकीशी अर्थिंगला जोडलेली पितळी पट्टी ठेवून सोडवलेला कनेक्टर तिला अडकवण्याची सोय करावी.